शॉर्ट-टर्म संपला म्हणून मार्केटप्लेसचं दार उघडत नाही

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. मजकूर साधारण असा: 'नोकरी गेली तर कोब्राचे पैसे भरू नका. तीन महिन्यांचा शॉर्ट-टर्म हेल्थ प्लॅन घ्या. तो संपला, किंवा तुम्ही बंद केला, की 'कव्हरेज गेलं' म्हणून मार्केटप्लेसमध्ये 60 दिवसांचं स्पेशल एनरोलमेंट मिळतं. म्हणजे वर्षात कधीही इन्शुरन्स घेता येतो. शॉर्ट-टर्ममध्ये सगळं कव्हर असतं आणि सगळ्या राज्यांत मिळतो.' (कोब्रा म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचाच प्लॅन स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय. शॉर्ट-टर्म म्हणजे तात्पुरता, मर्यादित इन्शुरन्स. मार्केटप्लेस म्हणजे पूर्ण प्लॅन घ्यायचा सरकारी बाजार. स्पेशल एनरोलमेंट म्हणजे एखाद्या ठरावीक घटनेमुळे वर्षाच्या मध्येच प्लॅन घ्यायची मुभा.) घरातल्याच एकाची नोकरी जाणार आहे आणि त्याने हे मला 'किती सोपं आहे बघ' म्हणून पाठवलं. सोपं नाही. चूक आहे.

आधी मुख्य थाप. मार्केटप्लेसचं स्पेशल एनरोलमेंट कुठलंही कव्हर संपलं म्हणून मिळत नाही. केंद्रीय नियमावलीतलं कलम 155.420 वाचा: जे गेलं ते 'मिनिमम इसेन्शियल कव्हरेज', म्हणजे कायद्याने पुरेसं मानलेलं कव्हर, असायला हवं. नोकरीतला ग्रुप प्लॅन, मार्केटप्लेसचा प्लॅन, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स), मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स), बहुतेक विद्यापीठांचे स्टुडंट प्लॅन त्यात बसतात. शॉर्ट-टर्म बसत नाही. त्याच कलमात पुढे असंही आहे की स्वतःहून बंद केलेला किंवा प्रीमियम न भरल्यामुळे बंद पडलेला प्लॅन धरला जात नाही. म्हणजे मेसेजमधलं 'किंवा तुम्ही बंद केला' हे खऱ्या, पूर्ण प्लॅनलासुद्धा लागू पडत नाही. शॉर्ट-टर्मची तर गोष्टच सोडा. मार्केटप्लेस टाळून थेट कंपनीकडून पूर्ण प्लॅन घेऊ म्हणाल, तर तिथेही याच अटी आहेत.

एवढं कलम वाचायचं नसेल तर पॉलिसीचं पहिलं पान वाचा. शॉर्ट-टर्म विकणाऱ्याने तिथे 14 पॉइंटच्या टायपात सूचना छापायची असते, आणि हा पूर्ण इन्शुरन्स नाही, हे त्या सूचनेतच असतं. मेसेज लिहिणाऱ्याने पॉलिसी उघडूनही पाहिलेली नाही.

यात नुकसान कसं होतं ते तारखा मांडल्याशिवाय कळत नाही. समजा नोकरीतलं कव्हर 31 मार्चला संपलं. ही खरी घटना. इथून 60 दिवस, म्हणजे 30 मेपर्यंत मार्केटप्लेस उघडं. मेसेज ऐकून तुम्ही 1 एप्रिल ते 30 जून शॉर्ट-टर्म घेतला. शॉर्ट-टर्म घेतल्याने ते 60 दिवस रद्द होत नाहीत, पण लांबतही नाहीत. 1 जुलैला तुम्ही अर्ज उघडता तेव्हा दार बंद होऊन महिना झालेला असतो. कोब्रा निवडायचे 60 दिवसही बहुतेक उलटलेले असतात. पुढचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे कुणालाही प्लॅन घेता येतो ती वर्षातली ठरलेली मुदत, 1 नोव्हेंबरला, आणि त्यातलं कव्हर लवकरात लवकर 1 जानेवारीला. जुलै ते डिसेंबर, सहा महिने उघड्यावर. अपेंडिक्सला किंवा मोडलेल्या हाताला हे वेळापत्रक माहीत नसतं.

करायचं ते असं. नोकरीतलं कव्हर संपायच्या आधी 60 दिवसांपासून अर्ज करता येतो. 31 मार्चच्या आत प्लॅन निवडलात तर नवा 1 एप्रिलला सुरू, मध्ये एक दिवसाचीही फट नाही. 10 एप्रिलला निवडलात तर 1 मेला सुरू, एप्रिल रिकामा. एचआरकडून कव्हर संपल्याची तारीख असलेलं पत्र आधीच मागून ठेवा. मार्केटप्लेसने पुरावा मागितला तर प्लॅन निवडल्यापासून 30 दिवसांत तो द्यावा लागतो. आणि पहिला प्रीमियम भरेपर्यंत काहीच सुरू होत नाही, हे विसरणारे बरेच.

तो रिकामा एप्रिल कोब्राने झाकता येतो, आणि पैसे न भरताही. कोब्रा निवडायला किमान 60 दिवस मिळतात, निवडल्यावर पहिला हप्ता भरायला आणखी 45, आणि कव्हर मागच्या तारखेपासून धरलं जातं. काही झालं नाही तर निवडू नका. एप्रिलमध्ये अपघात झाला तर निवडा आणि 1 एप्रिलपासूनचा हिशेब चुकता करा. तो हिशेब जड असतो, कारण पूर्ण प्रीमियमच्या 102 टक्क्यांपर्यंत घेता येतात. मेसेजमधला कोब्रावरचा राग तेवढ्यापुरता रास्त आहे. मात्र ही केंद्रीय कोब्राची सोय 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांची. आणि कोब्रा घेऊन 60 दिवसांनंतर कंटाळून सोडलात, तर त्यानेही मार्केटप्लेस उघडत नाही.

आता अर्धं सत्य, नाइलाजाने मान्य करतो. शॉर्ट-टर्मची मुदत संपल्यावर नोकरीतल्या ग्रुप प्लॅनमध्ये स्पेशल एनरोलमेंट मिळू शकतं, तुमच्या किंवा जोडीदाराच्या कंपनीत. तो कायदा वेगळा, हिपा. तिथे गेलेलं कव्हर 'मिनिमम इसेन्शियल' असायची अट नाही. पण मुदत 60 नव्हे, 30 दिवसांची. कंपनीचा प्लॅन नाकारला तेव्हा तुमच्याकडे दुसरं कव्हर असायला हवं, आणि ते हप्ता थकवल्यामुळे गेलेलं चालत नाही. कुणीतरी हे ऐकलं आणि त्यात मार्केटप्लेस घुसडलं, असाच या मेसेजचा जन्म दिसतो. जोडीदाराची नोकरी असेल तर शॉर्ट-टर्मच्या नादी लागताच कशाला? तुमचं नोकरीतलं कव्हर गेलं त्या दिवसापासूनच जोडीदाराच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये शिरायचे 30 दिवस सुरू होतात.

'सगळं कव्हर': नाही. आधीचे आजार वगळतात, बाळंतपण बहुधा नसतं, औषधं अनेकदा नसतात, आणि मोठं बिल आलं की जुने वैद्यकीय कागद मागवून क्लेम नाकारतात.

'सगळ्या राज्यांत': हा मेसेज न्यू जर्सीतल्या एडिसन आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये फिरतोय ही त्यातली गंमत. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात शॉर्ट-टर्म विकताच येत नाही, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्येही नाही. तिथे कुणी फोनवर 'तसाच' प्लॅन देत असेल तर तो दिवसाला ठराविक रक्कम देणारा किंवा हेल्थ शेअरिंगचा (सभासदांनी एकमेकांची बिलं वाटून घ्यायची योजना) असण्याची शक्यता जास्त. तोही मिनिमम इसेन्शियल नाही, आणि न्यू जर्सी-कॅलिफोर्नियात राज्याचा दंड लागू शकतो तो वेगळाच.

'तीन महिने': 1 सप्टेंबर 2024 पासूनच्या पॉलिसींना 3 महिने, वाढवून 4, ही केंद्राची मर्यादा घातली गेली, पण ऑगस्ट 2025 मध्ये तिची अंमलबजावणी प्राधान्याने करणार नाही असं सरकारनेच जाहीर केलं. मुदत काहीही असो, वरचं कलम बदलत नाही.

ज्यांनी आधीच शॉर्ट-टर्म घेतलाय आणि 60 दिवस उलटलेत, त्यांच्यासाठी काही वाटा उरतात. बाळ झालं तर 60 दिवस मिळतात आणि कव्हर जन्मतारखेपासून धरता येतं. आधी कुठला इन्शुरन्स होता हे विचारत नाहीत. मेडिकेडला पात्र असाल तर वर्षभर अर्ज चालतो. घर दुसऱ्या राज्यात हलवलं तर मात्र हलण्याआधीच्या 60 दिवसांत किमान एक दिवस मिनिमम इसेन्शियल कव्हरेज असावं लागतं, आणि शॉर्ट-टर्मचे दिवस त्यात धरत नाहीत. टेक्सासहून नॉर्थ कॅरोलायनाला गेलेला शॉर्ट-टर्मवाला इथेच अडकतो. थेट भारतातून राहायला आलेल्याला ही अट नाही. लग्नाचंही तसंच: दोघांपैकी एकाकडे तसं कव्हर हवं, किंवा त्या 60 दिवसांत दोघांपैकी एक परदेशात राहत असावा. पुण्याहून आलेल्या नवरीमुळे नवऱ्यालाही पूर्ण प्लॅन मिळू शकतो. लग्नाचा दाखला आणि पासपोर्टवरचा शिक्का जपून ठेवा.