‘वॉर्डात धाक हवाच’ या फॉरवर्डला उत्तर

‘सिस्टर घाबरून असल्या तरच चुका कमी होतात. जिथे चुकांचे रिपोर्ट जास्त तो वॉर्ड वाईट. इमर्जन्सीत प्रश्न विचारले की पेशंट जातो.’ हा मेसेज माझ्या भाचीच्या नर्सिंग कॉलेजच्या ग्रुपवर चक्क शिक्षकांनी टाकलाय. उद्या याच मुली नाइट ड्युटीला उभ्या राहणार, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी धाक. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे वायल (औषधाची छोटी बाटली) दोन ताकदीच्या येतात, एका मिलीत 40 युनिट किंवा 100 युनिट. सिरिंजही वेगळ्या: 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी. 10 युनिट द्यायचे म्हणून 100 ची वायल घेऊन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरलं, तर पाव मिली, म्हणजे 25 युनिट जातात. अडीचपट! नवख्या मुलीला शंका येते, पण सकाळीच राउंडला सगळ्यांसमोर ‘एवढंही कळत नाही?’ ऐकलेलं असतं. ती विचारत नाही, टोचून मोकळी होते. आणि नंतर लक्षात आलं तरी सांगत नाही, हे त्याहून घातक. त्वचेखाली दिलेलं रेग्युलर इन्सुलिन साधारण अर्ध्या तासाने काम सुरू करतं, जोर दोन ते चार तासांनी. लगेच सांगितलं तर शुगर पुन्हा पुन्हा तपासता येते, शुद्धीत असेल तर तोंडाने साखर, नसेल तर शिरेतून डेक्स्ट्रोज. लपवलं तर पहाटे पेशंट घामाने थबथबलेला, हाकेला ओ देत नाही, आणि कारण कुणालाच ठाऊक नाही.

रिपोर्टांचं तर उलटंच आहे. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांचा औषधांतल्या चुकांवरचा अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असं त्यांनाही वाटलं होतं. नोंदी निघाल्या जास्त, कारण तिथे माणसं चूक झाली की बोलत होती. कोरं रजिस्टर दिसलं की मला तरी काळजी वाटते.

इमर्जन्सीत हुकूम एकाचाच चालावा, हे मान्य. सीपीआर (थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) चालू असताना वाद नकोच. पण तिथेही ‘ॲड्रेनालिन 1 मिलिग्रॅम’ ऐकल्यावर सिस्टरने तेच मोठ्याने म्हणायचं असतं, दिल्यावर ‘दिलं’ सांगायचं असतं. त्यात वेळ जातो म्हणणाऱ्याने एकदा घड्याळ लावून बघावं.

शिक्षकांना काही शिकवायचंच असेल तर हे शिकवा: ‘मॅडम, वायल 100 ची आहे, सिरिंज 40 ची. मी थांबलेय, एकदा बघा.’ ऐकलं नाही तर तेच पुन्हा. तरीही ‘दे तेच’ आलं, तर ड्युटी डॉक्टरांना फोन, आणि तोवर सिरिंज ट्रेमध्येच.