अटकेची नको, लिलावाची बातमी द्या

परवा पुन्हा एकाने व्हॉट्सॲपवर कात्रण पाठवलं. गुंतवणूकदारांना गंडा घालणारा कोणी संचालक पोलिसांच्या मधोमध, तोंडावर रुमाल. खाली पन्नासेक अंगठे. मी अंगठा दिला नाही. आमच्या काकाचे पैसे बुडवणारा असाच पकडला गेला, तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. त्याला जामीन मिळाल्याला आता बरीच वर्षं झाली. काकाचे पैसे अजून कंपनीच्या जमिनीत, एका कुलूपबंद इमारतीत आणि ताडपत्रीखाली गंजणाऱ्या दोन गाड्यांत अडकलेत.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि खनिज वाहणारा काकाचा ट्रक दारात उभा राहिला. दोन पावसाळे त्याने वाट पाहिली, मग मिळेल त्या भावाला विकला. बँकेचे हप्ते फेडून पावणेचार लाख उरले. तेव्हा आमच्या भागात अशी थोडीफार रोकड बऱ्याच घरांत होती, आणि ते एजंटांना बरोबर कळलं होतं. आमचा एजंट परका नव्हता. भजनात पखवाज वाजवणारा, काकाला दादा म्हणणारा. ‘जमिनीचा हप्ता’ म्हणून पैसे घ्यायचा. सहा वर्षांत दुप्पट, नाहीतर प्लॉट. त्याने सख्ख्या सासूचेही पैसे त्यात घातले होते, त्यामुळे मला त्याच्यावर धड चिडताही येत नाही. काकी मात्र अजून त्याच्या घरचा नारळ घेत नाही.

कायदा नाही असं नाही. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा गोव्याचा स्वतःचा कायदा 1999 चा आहे, आणि बेकायदा ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा. सक्षम प्राधिकारी मालमत्ता जप्त करतो, विशेष न्यायालय ती जप्ती कायम करतं, मग मूल्यांकन, जाहीर नोटीस, इसारा (बोलीआधीची अनामत), बोली आणि शेवटी वाटप. केंद्राच्या कायद्यात न्यायालयाने आपल्यापुढचं काम 180 दिवसांत आटोपायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. प्रयत्न हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच कायद्यात ठेवीदाराचं देणं इतरांच्या आधी असंही म्हटलंय, पण बँकेचं तारण आणि दिवाळखोरीचा कायदा यांना तिथे सूट आहे. म्हणजे कंपनीने इमारत आधीच गहाण टाकली असेल तर आधी बँक, मग काका.

आता लिलाव. लोकांना वाटतं कोर्टाने जप्त केलं म्हणजे पैसे आले. कांदोळीचा विजय मल्ल्याचा बंगला आठवतो ना? 2016 च्या ऑक्टोबरात बँकांनी 85 कोटींच्या वर राखीव, म्हणजे किमान, किंमत लावली, कोणी फिरकलं नाही. किंमत दोनदा उतरवली, तरी बोली आली नाही. शेवटी 2017 च्या एप्रिलमध्ये 73 कोटींच्या आसपास तो गेला. मल्ल्याच्याच विमान कंपनीचं मुंबईचं किंगफिशर हाऊस 150 कोटींवरून सुरू झालं आणि 2021 मध्ये 52 कोटींना विकलं गेलं. हे पैसे बँकांचे होते, ज्यांच्याकडे वकिलांची फौज असते. सहाराच्या ॲम्बी व्हॅलीला 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 37,392 कोटी राखीव किंमत लावली गेली. गिऱ्हाईक मिळालं नाही. मग आमच्या इथल्या पाच एकर काजूच्या बागेला कोण येणार?

त्यात गोव्याची जमीन म्हणजे स्वतंत्र पुराण. एक-चौदाच्या (म्हणजे आमच्याकडच्या सातबाराच्या) उताऱ्यावर कुळाचं नाव निघतं. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, असला तर त्याला 1975 च्या कायद्याचं संरक्षण. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून संचालकाची बायको अर्ध्या हिश्श्याचा अर्ज घेऊन उभी राहते. भातशेत असेल तर 2023 च्या कायद्याने ते सहसा शेतकऱ्यालाच विकता येतं. हा कायदा मला मान्य आहे, शेतं बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत. पण त्यामुळे बोली लावणारे कमी होतात हेही खरं. आणि नोटिशीत एकच ओळ असते: जसे आहे, जेथे आहे. म्हणजे भानगडीसकट घ्या. शहाणा माणूस अशा वेळी निम्मीच बोली लावतो.

माझं मागणं म्हणून साधं आहे. आरोपपत्र, साक्षी, शिक्षा यांना लागायचा तो वेळ लागू दे. पण विक्री त्याच्यासाठी थांबू नये. गाड्या, यंत्रं, फर्निचर पहिल्या वर्षातच विकून रक्कम कोर्टाच्या नावे मुदत ठेवीत टाका. आमच्याकडे चार पावसाळे काढलेली गाडी भंगारवालासुद्धा वजनावर घेतो. जमिनीचे उतारे, बोजे, कुळं आधी निस्तरा, मग नोटीस काढा. दुप्पट भाव येईल. आणि किती बोली आल्या, कितीला गेलं, खर्च किती कापला, हे दर लिलावानंतर मराठीत आणि कोंकणीत वर्तमानपत्रात छापा. आज ठेवीदाराला हे विचारायला पणजीच्या चकरा माराव्या लागतात, आणि कदंबा बसचं तिकीटही त्याच्याच खिशातून.

जमिनीच्या नावावर लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीचं उदाहरण लोक देतात. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती लोढांची समिती नेमली: जमिनी विका, लोकांचे परत करा. सुमारे 49 हजार कोटी, साडेपाच कोटींहून जास्त गुंतवणूकदार. समितीने लहान दाव्यांपासून सुरुवात केली, आधी अडीच हजारापर्यंतचे, मग टप्प्याटप्प्याने वरचे. काकाला हे पटत नाही. ‘मोठ्याने काय पाप केलं?’ म्हणतो. मला पटतं. अडीच हजार रुपये मोलकरणीचे असतात, ती तारखा मोजत बसू शकत नाही. अर्थात हे मी काकासमोर बोलत नाही.

ज्यांचे पैसे कुठे अडकलेत त्यांनी एवढं आज करा. मूळ पावत्या शोधा. काकीने त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवल्या होत्या. बाहेर काढल्या तर पाचांपैकी दोन कोऱ्या! छोट्या यंत्रावर उष्णतेने छापलेल्या पावत्यांवरची अक्षरं काही वर्षांत उडतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा, बँक पासबुकातल्या नोंदीखाली रेघ मारून ठेवा.

काका आता सकाळी पेपर मागच्या पानापासून उघडतो. गेल्या आठवड्यात पैसे बुडवणाऱ्या कंपनीच्या इमारतीची लिलावाची नोटीस आली, तिसऱ्यांदा, पुन्हा किंमत उतरवून. त्याने कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने बराच वेळ हिशेब मांडला. शेवटी चष्मा काढून म्हणाला, ‘आपल्या वाट्याला ट्रकचे दोन टायर येतील. मागचे.’