मागून येणारे शहाणपण

नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतील एखादे जुने घर रिकामे होऊ लागले की दारात जी मंडळी जमतात, त्यांतील प्रत्येकाला गाडी मागे घेण्याचे शास्त्र जन्मतःच अवगत असते, हे मला काल मुकाट्याने मान्य करावे लागले. राग मात्र अद्याप उतरलेला नाही. आजोळचे लोखंडी कपाट, पत्र्याचा कूलर, पाटा आणि दगडी जाते काटोल रस्त्यावरच्या शेतावर न्यायचे होते, म्हणून मित्राची दोन चाकांची ट्रॉली माझ्या गाडीला जोडली होती. एवढ्यावर तो गृहस्थ प्रकट झाला.

त्याच्या तोंडात खर्रा असल्यामुळे आज्ञा आधी बोटाने सुटत आणि थुंकून आल्यावर शब्दांत उतरत. "जातं मांगं टाका जी. समोर टाकलं तं तुमच्या गाडीचं बोनट उचलते." यात अर्धे सत्य होते, आणि अर्ध्या सत्याशी वाद घालणे सर्वांत कठीण असते. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार जोडाच्या बॉलवर, म्हणजे ट्रॉलीचा दांडा गाडीमागच्या ज्या गोळ्यावर अडकतो त्यावर, यावा लागतो, म्हणजे ४०० किलोच्या भरलेल्या ट्रॉलीत ४० ते ६० किलो. तो फार वाढला तर गाडीची पुढची चाके हलकी होतात हे खरे; पण तो कमी पडला तर वेगात ट्रॉली डावीउजवीकडे झुलू लागते आणि अखेर गाडीलाच आपल्यामागे फरफटवते. म्हणून जड वस्तू चाकांच्या आसाच्या किंचित पुढे ठेवायची असते. हे सर्व मी शांतपणे सांगितले. "हे पुस्तकातलं झालं," असे म्हणून त्याने पोरांकडे पाहिले, आणि पोरे हसली.

त्यानंतर त्याचे लक्ष खाली गेले. "भाऊ, साखळ्या गुतल्या तुमच्या," असे म्हणत, मी कपाटाची दोरी आवळत असताना, त्याने त्या परोपकारी वृत्तीने सोडवल्या. डावी साखळी उजव्या कडीत आणि उजवी डाव्या कडीत, अशा त्या मुद्दाम फुलीत अडकवायच्या असतात. जोड निसटलाच तर ट्रॉलीचा दांडा रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडावा, एवढाच त्यांचा उद्देश असतो. मी गाडीखाली वाकून त्या पुन्हा फुलीत घालत असताना वर ताडपत्रीखाली काहीतरी घासल्याचा आवाज आला, पण कपाट सरकले असेल असे मला वाटले.

मग मागे घेणे आले. ट्रॉली डावीकडे न्यायची असेल तर स्टिअरिंग आधी उजवीकडे वळवावे लागते. त्यापेक्षा स्टिअरिंगच्या तळाशी हात धरावा आणि ट्रॉलीचे बूड जिकडे हवे तिकडे हात न्यावा, ही युक्ती सोपी आहे. पण ती चालवणाऱ्याला ठाऊक असून भागत नाही. "येऊ द्या, येऊ द्या, कट मारा, उल्टा नाई जी, सीधा!" असे एका दमात ऐकू आल्यावर कोणता हात कुठे न्यावा? त्यातच एका स्कूटरवाल्याला गाडी आणि ट्रॉली यांच्यामधील दांड्यावरून पलीकडे जाता येईल असे वाटले. शेवटी पोरांनी ट्रॉली सोडवून हातांनी ढकलत बोळाबाहेर नेली, आणि गृहस्थाने सर्वांसमक्ष निकाल दिला, "भाऊले बॅक जमत नाई."

शहराने सिमेंटचे रस्ते केले, त्याबद्दल आभार. पण त्यांच्या कडेला राहिलेल्या पायरीवरून एक चाक उतरले की ट्रॉलीचे काय होते, याचा विचार करायला कोणाला वेळ मिळालेला दिसत नाही. रंग उडालेल्या गतिरोधकांविषयी मी बोलतच नाही. ते दिसत नाहीत, कळतात.

त्या गृहस्थाला फेटरीला जायचे होते. "मी मांगं ट्रॉलीत बसतो, वजन बी होते," हा त्याचा प्रस्ताव मी फेटाळला, कारण ट्रॉलीत माणूस बसवणे हे जीवावरचे काम आहे. तेव्हा तो उपकार केल्यासारखा पुढच्या सीटवर बसला. शहर मागे पडले आणि एक ट्रक जोरात ओलांडून गेला, तशी ट्रॉली झुलू लागली. "ब्रेक मारा, ब्रेक!" तो ओरडला. अशा वेळी ब्रेक दाबणे हीच उलटण्याची खात्रीची वाट असते. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले, आणि वेग उतरला तसे झुलणे थांबले.

"पायलं? म्या सांगतलं तसं केलं, म्हणून वाचलो," तो म्हणाला.

फेटरीत मी ताडपत्री उचलली. जाते ट्रॉलीच्या अगदी मागच्या फळीला टेकून बसले होते. माझ्याकडे पाहून त्याने खर्र्याची पुडी सोडली आणि समाधानाने सांगितले, "तुमी खाली साखळीत होते, तवाच पोराहिले मांगं सरकवाले लावलं." मी काही न बोलता जाते पुढे ओढू लागलो. तो हात लावायला आला नाही; लांब उभा राहून बोनटकडे बोट दाखवत राहिला.