चेक इंजिनचा दिवा विझला म्हणजे गाडी बरी झाली का?

"चेक इंजिनचा दिवा ही कंपन्यांची लुटायची युक्ती. बॅटरीची वायर अर्धा तास काढा, दिवा गायब! लुकलुकत असेल तर कार्बन साठलाय, घाटात दणकून पळवा. पी-०३०० कोड आला की चारही प्लग बदला, विषय संपला." हा मेसेज इंदिरानगरच्या आमच्या मामांपर्यंत पोचला आणि मिसिंग करणारी (म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणारी) २०१४ ची पेट्रोल गाडी घेऊन ते नांदुरीच्या घाटाकडे निघाले होते. पाठवणाऱ्याने स्वतःची गाडी काढावी की!

घाटाचं आधी, कारण तेच सगळ्यात महागात पडणारं आहे. दिवा नुसता लागून राहिला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकू लागला की समजायचं, मिसिंग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) खराब करण्याइतकी आहे. सिलिंडरमध्ये न पेटलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळतं. आतली सिरॅमिकची जाळी तापून वितळते, चोक होते, मग गाडीला पिकअप म्हणून राहत नाही. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तेवढं पेट्रोल जास्त. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. भाव सराफ बाजारात विचारून या.

कायम गल्लीबोळातून फिरणारी गाडी अधूनमधून हायवेवर मोकळी पळवली तर थोडा कार्बन जळतो, एवढं मान्य. पण मिसिंग नसेल तेव्हा.

लुटायच्या युक्तीबद्दल काय बोलणार? आपल्याकडे बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांना ओबीडी-२ (दोष ओळखून हा दिवा लावणारी यंत्रणा) एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, ते प्रदूषण रोखण्यासाठी. बॅटरी काढली की साठवलेला दोषाचा कोड पुसला जातो आणि दोष आला तेव्हाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान ही नोंदही जाते. म्हणजे मेकॅनिकच्या हातातला पुरावाच तुम्ही फेकलात. दोष तिथेच असतो, दिवा पुन्हा लागतो.

आता कोड. एसएई या संस्थेच्या जे-२०१२ मानकात पी-०३०० चा अर्थ एवढाच: एकाहून जास्त किंवा कुठल्याही सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजेच मिसिंग, आढळला. पी-०३०१ पहिला सिलिंडर, पी-०३०२ दुसरा. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, सेन्सरवरून फिरण्यातला झटका पकडतो; तो प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे, हवेच्या गळतीमुळे की कॉम्प्रेशन गेल्यामुळे, हे त्याला कळत नाही. सरसकट चार प्लग कशाला?

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी करंट देणारा भाग) असेल तर सोपा उपाय आहे. पी-०३०२ असताना गाडी बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड लिहून ठेवून स्कॅनरने पुसा, गाडी चालू करून बघा. पी-०३०३ आला तर कॉइल गेली. पी-०३०२ च राहिला तर तशीच प्लगची अदलाबदल करून बघा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. आणि कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग आधी बदला, नाहीतर नवी कॉइलही त्याच ऑइलात बसेल.