मामांचा मुक्काम

मावळात कार्तिक सरता सरता भाताची खाचरे कापून झाली, की शेतकरी झोडणीच्या मागे लागतो आणि बांधातले उंदीर घरांच्या मागे लागतात. शेतात खायला फारसे उरलेले नसते, रात्री थंडी पडलेली असते आणि खाचरांना लागून असलेल्या आमच्या घरात इंद्रायणीचे पोते नुकतेच येऊन पडलेले असते. एवढ्या सोयी एका छपराखाली मिळत असताना उंदराने दुसरीकडे का जावे, हे मलाही सांगता येणार नाही.

दिवे मालवले की फळीवरच्या डब्यांमागे खुडखुड सुरू होते; मी बॅटरी घेऊन उठलो की ती थांबते आणि पांघरूण ओढून घेतले की पुन्हा सुरू होते. सकाळी अंगाच्या साबणावर दातांच्या जोडीने पाडलेल्या बारीक खाचा दिसतात आणि ओट्याच्या कोपऱ्यात शहाजिऱ्याशी गल्लत व्हावी अशा लेंड्या सापडतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते कुरतडूनच झिजतात, हे वाचल्यावर साबणाबद्दलचा माझा राग निवळला. पत्नीचा निवळला नाही, कारण मामांनी त्यानंतर तिच्या पैठणीचा काठ निवडला होता. त्यांना मामा म्हणण्याची सक्ती आईची आहे. शिव्या दिल्या की उंदीर ऐकतो आणि मुद्दाम कपडे कुरतडतो, अशी तिची पक्की खात्री असल्यामुळे पैठणीचा पंचनामाही आम्हाला आदरार्थी बहुवचनात करावा लागला.

विषाच्या वड्या आम्ही ठेवत नाही, कारण त्या खाल्लेला उंदीर नेमका हात न पोहोचणाऱ्या जागी जाऊन मरतो आणि मग पाहुण्यांना वासाचे कारण सांगत बसावे लागते. उरला पिंजरा. आमिषाच्या बाबतीत आई कांदाभज्यांच्या बाजूची, तर शेजारचे काका सुक्या बोंबलाच्या. आमच्या घरी बोंबील येत नसल्यामुळे हा वाद भज्यांनी जिंकला. मात्र नवी वस्तू दिसली की उंदीर काही दिवस तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, म्हणून जाणकार माणसे पिंजऱ्याचे दार आधी नुसतेच उघडे बांधून ठेवतात आणि आत खाणे टाकत राहतात. त्या काळात आम्ही रात्रीची शिळी पोळी खात होतो आणि मामा ताजी भजी. अखेर एक मामा अडकले, तेव्हा सगळी आळी बघायला जमली आणि त्यांना ओढ्यापलीकडे सोडावे असे एकमताने ठरले. ओढ्यापलीकडची माणसे आपले उंदीर ओढ्याअलीकडे सोडतात, हे सर्वांना ठाऊक होते. पण त्या प्रसंगी ते कोणी बोलून दाखवले नाही.

माझ्या मते खरा उपाय एकच, तो म्हणजे भोके बुजवणे. घरातला लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, हे एकदा समजले की आपण घरात राहतो की चाळणीत, असा प्रश्न पडतो. बेसिनखालच्या पाइपाभोवती फट, गॅसच्या नळीसाठी पाडलेले भोक, मोरीची तुटकी जाळी, मागच्या दाराखालून येणारा उजेड, अशी यादी मी गुडघ्यांवर रांगत केली. नुसती चिंधी कोंबली तर उंदीर तिचे घरटे करतो. म्हणून भांडी घासायची तारेची घासणी ठासून भरावी आणि वर सिमेंट लिंपावे. आमचे म्हातारे गवंडी त्या सिमेंटमध्ये फुटक्या बाटलीच्या काचा मिसळतात आणि कामावर बेहद्द खूश होतात. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली. या कामाला प्रतिष्ठा म्हणून नाही. पिंजऱ्यात उंदीर सापडला की आळी गोळा होते. भोक बुजवले की फरशीवर सिमेंट सांडल्याबद्दल ऐकून घ्यावे लागते.

तरीही खुडखुड थांबली. मग इंटरनेटची जोडणी द्यायला एक मुलगा आला आणि मी चहा सांगायला आत वळेपर्यंत त्याने बोरूइतक्या केबलसाठी भिंतीला अंगठा जाईल एवढे भोक पाडले.

"एवढे मोठे कशाला?" मी विचारले.

"राहू द्या काका, पुढेमागे दुसरी वायर टाकायची झाली तर उपयोगी पडेल."

आईने आतून हे ऐकले आणि भजी कांद्याची करू की बटाट्याची, एवढेच विचारले.