ग्रहाचा सातबारा

परवाच्या रविवारी मी एक अख्खा ग्रह पाण्याखाली घालणार होतो. घालू दिला नाही. अडवलं कोणी, तर आमच्या मास्तरच्या काकांनी. ते खेळतसुद्धा नव्हते, चहाचे कप उचलायला आले होते.

खेळाचं थोडक्यात सांगतो. पुण्यात एका डायनिंग टेबलाभोवती आम्ही पाच जण दर पंधरा दिवसांनी 'ट्रॅव्हलर' खेळतो. सगळे चाळिशीचे, दोघांना पाठीचा पट्टा. हा १९७७ सालचा अमेरिकन खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. खेळ चालवणारा तो मास्तर. तो सांगतो समोर काय आहे, आपण सांगायचं आपलं पात्र काय करतं, आणि अडलं की दोन फासे टाकायचे. आठ किंवा वर पडले की जमलं. मूळ आवृत्तीत तर पात्र तयार करता करताच मरायचं. पात्राच्या आधीच्या नोकरीतली एखादी मुदत फाशांत वाईट गेली की खेळ सुरू व्हायच्या आधीच तेरावं. माझी दोन पात्रं अशीच वारली. तिसरं कसंबसं निवृत्तीपर्यंत पोचलं, आणि त्याला घेऊन मी तीन रविवार एक बेत शिजवत होतो.

बेत असा. अंतराळातले चाचे एका ग्रहाच्या ध्रुवावर, बर्फाखालच्या गुहांत लपलेले. आमच्याकडे तोफा नाहीत. पण आम्ही पळवलेलं जहाज टेराफॉर्मिंगचं. म्हणजे ओसाड ग्रह पृथ्वीसारखा करून देणारं. ('टेराफॉर्मिंग' हा शब्द जॅक विल्यमसन यांनी १९४२ साली एका विज्ञानकथेत आणला. तेव्हापासून लोक मंगळावर फ्लॅट बुक करण्याच्या गोष्टी करतात. तिथे हवेचा दाब आपल्या एक टक्कासुद्धा नाही, पण गोष्टी करायला काय जातं.) जहाजाचं नाव मी हौसेने 'भगीरथ' ठेवलं होतं. त्याचे प्रचंड आरसे उलगडायचे, सूर्याचा झोत ध्रुवावर धरायचा, बर्फ वितळवायचं, चाचे गुहेतच बुडवायचे.

कल्पना माझी एकट्याची नाही, हे कबूल. १९८२ च्या 'स्टार ट्रेक'पटात 'जेनेसिस' नावाचं यंत्र आहे. मेलेल्या चंद्रावर सोडलं तर जीवसृष्टी फुलवतं, जिवंत ग्रहावर सोडलं तर असलेलं सगळं पुसून नवं मांडतं. ग्रह जे झटपट बदलतं, ते तिथे आधीपासून राहणाऱ्यासाठी बॉम्बच असतं. मला हे पहिल्यापासून कळलेलं होतं. म्हणून तर मी ते वापरत होतो!

मी उठलो, फासे तळव्यात घोळवले, टाकले. पाच आणि सहा. अकरा. मोबाइलवर फोटो आहे, कुणाला हवा असेल तर पाठवतो.

आणि तेवढ्यात काका आले. लेंगा, सदरा, गळ्यात दोरीचा चष्मा. भूसंपादनाच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. कप उचलता उचलता त्यांची नजर मास्तरच्या कागदावर गेली. त्यावर लिहिलं होतं: सी५६४४७५-९.

"हा गट नंबर का रे?"

इथेच कुणीतरी "नाही काका" म्हणून त्यांना कप द्यायला हवे होते. पण आमच्या मास्तरला समजावून सांगायची भारी हौस.

"ग्रहाची माहिती आहे काका. सी म्हणजे बंदर मध्यम दर्जाचं. पाच हा आकार. सहा म्हणजे हवा श्वास घेण्याजोगी. मग चार, म्हणजे चाळीस टक्के पाणी."

"बाकी जिरायत," काका म्हणाले. चष्मा डोळ्यांवर चढला. "आणि हा दुसरा चार?"

"लोकसंख्या."

"चार माणसं?"

"एकावर चार शून्यं. दहा हजार."

काका बसले. माझ्या खुर्चीत बसले. मी फासे टाकायला उठलो होतो ना! पुढचा पाऊण तास मी फ्रिजला टेकून उभा होतो आणि एकानेही बूड हलवलं नाही.

"सात काय?"

"सरकार. सात म्हणजे एक सरकार नाही, अनेक. आपापसात भांडणारी."

"युती," काका म्हणाले, आणि पेन्सिलने समासात तसं लिहिलं. मग माझ्याकडे वळले. "तू काय करणार म्हणालास?"

"बर्फ वितळवणार."

"पाणी कुठवर चढणार?"

"गुहा बुडेपर्यंत."

"गुहेचं विचारत नाहीये. पूररेषा कुठे आखलीस?"

"काका, ते शस्त्र आहे."

"असेल की. पण बुडीत क्षेत्र होणारच ना? दहा हजारांतली किती माणसं त्यात येतात? नोटिसा गेल्या? खेळ कोणत्या सालचा?"

"सत्याहत्तर," मास्तर म्हणाला. त्याचे डोळे चमकायला लागले होते.

"म्हणजे जुना कायदा, अठराशे चौऱ्याण्णवचा. आधी कलम चारची अधिसूचना, मग हरकती, मग कलम सहा. दोन हजार तेराच्या कायद्यात असता तर आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास लागला असता. वाचलास."

"पण गोष्ट घडते सत्तावन्नाव्या शतकात," मी ओरडलो.

काका क्षणभर थांबले. "सत्तावन्नाव्या," ते म्हणाले. "मग तोवर कोयनेवाल्यांचं मिटलं असेल."

कुणी हसलं नाही. धरण साठच्या दशकातलं आणि काही कुटुंबं अजून जमिनीसाठी खेटे घालतायत, हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं. काकांनी त्या फायली हाताळलेल्या. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मग ते पानशेतच्या पुरावर गेले. १२ जुलै १९६१, काका सहा वर्षांचे, नारायण पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर बसलेले, आणि खाली न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ तरंगत तरंगत, कुठेही न आपटता, दारातून सरळ रस्त्यावर गेलेलं. "पाहुणा निघावा तसं," म्हणाले. आता यानंतर माणसाने "बरं, माझे अकरा पडलेत" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

तरी मी म्हणालो.

मग आमच्या वकीलीणबाई सरसावल्या. हवामान आणि निसर्ग बदलण्याचं तंत्र शस्त्र म्हणून वापरायला बंदी घालणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, एन्मॉड नावाचा. तोही १९७७ मध्येच सह्यांसाठी खुला झाला, भारतही त्यात आहे, आणि त्याच्या व्याख्येत बाह्य अवकाशसुद्धा येतं. अमेरिकेने १९६७ ते १९७२ व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या वाटांवर ढगांत रसायनं फवारून पावसाळा लांबवायचा प्रयत्न केला होता, त्यावर बोंब झाली, त्यातून हा करार. रस्ते चिखलात रुतवायचे हा लष्करी बेत! आमच्याकडे २००३ साली आणि पुन्हा २०१५ साली सरकारने दुष्काळात ढगांमागे विमानं फिरवली, आणि रस्ते चिखलात रुतवायला तर आम्हाला विमानही लागत नाही.

मास्तरने निकाल दिला. नोटीस बजावलेली नसल्यामुळे माझा फासा धरला जाणार नाही. काका आता ग्रहाचे विशेष भूसंपादन अधिकारी. त्यांनी माझी हरकत फेटाळली की नाही, यासाठी एकदा फासे टाकावेत. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा हे फासे हातात घेतले, नातवाच्या सापशिडीतले टाकावेत तसे टाकले. बारा.

टाळ्या वाजल्या. सामोसे मी आणले होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

मला खरा राग फाशांचा नाही. आठवडाभर मी ऑफिसात अर्ज, मंजुरी, पुन्हा अर्ज करतो आणि रविवारी चार तास यातून सुटायला इथे येतो. तर इथेही पंचनामा! आणि गेल्या उन्हाळ्यात आमच्याच भागातली टेकडी दोन पोकलेननी खरवडून सपाट केली, तेव्हा कुठे होती पूररेषा? पहिल्याच पावसात सगळी लाल माती आमच्या पार्किंगमध्ये आली. माझी स्कूटर सीटपर्यंत गाळात. कोणत्या फाशावर ते ठरलं? मला तर फासे पडतानासुद्धा दिसले नाहीत. निघताना जिन्यात मी काकांना हे जरा तावातावानेच विचारलं.

काका कप विसळत दारात उभे होते. "तिथे मला कोणी विचारलं नाही," म्हणाले. "इथे तू समोर सापडलास."

काल रात्री मास्तरचा निरोप आला. पुढच्या खेळाला काका येतायत, त्यांनी हरकतींचा नमुना स्वतः टाइप केलाय, दहा प्रती काढल्यात. माझ्या पात्राने बर्फावर जाऊन सुनावणी घ्यायची आहे. चाच्यांनाही बोलवायचं, कारण काकांच्या मते तेही प्रकल्पग्रस्तच. खाली एक ओळ होती: "सामोसे या वेळी जास्त आण, काकांना आवडले. आणि घडीची खुर्ची असेल तर तीही."