‘डिले विसरा, ऑलपास लावा’ हा मेसेज मंडपात वापरू नका

साऊंडवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की वायरीतून सिग्नल सगळ्या स्पीकरना एकाच क्षणी पोचतो, म्हणून मंडपात डिले, म्हणजे स्पीकरला मुद्दाम दिलेला उशीर, लागत नाही. तरी फरक वाटला तर एक ऑलपास फिल्टर लावा, अख्खा मंडप एका टायमिंगवर येईल. मागे शब्द कळत नसतील तर मागचे स्पीकर वाढवा. आणि एफआयआर फिल्टर (आवाजावर गणित करणारा एक डिजिटल फिल्टर) असेल तर बघायलाच नको. माझ्या भाच्याने हे वाचून सप्ताहाच्या कामात मागच्या स्पीकरच्या जोडीचा डिले शून्यावर आणला आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना कीर्तनातलं एक वाक्य धड कळेना. अजून दहा पोरं असंच करतील, म्हणून लिहितोय.

सिग्नल वायरीतून झटक्यात पोचतो, हे मान्य. पण स्पीकरपासून कानापर्यंत आवाज हवेतून जातो. 20 अंश तापमानाला तो सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे मीटरमागे 2.9 मिलिसेकंद. स्टेजपासून 30 मीटरवर दुसरी जोडी उभी केली की तिच्यासमोर बसलेल्याला आधी ती ऐकू येते आणि स्टेजचा आवाज 87 मिलिसेकंद उशिरा येतो. बुवा भरभर बोलायला लागले की एका अक्षरावर दुसरं अक्षर चढतं. आवाज मोठा असतो, पण शब्द हरवतात.

अशा वेळी ‘मागचे वाढवा’ हा सल्ला सगळ्यात घातक आहे. स्टँडजवळच्या दोन-चार रांगांचे कान फुटायची वेळ येते आणि त्यापलीकडे स्टेजचा उशिरा येणारा आवाज तसाच घुसत राहतो. मग मागचा माणूस पुन्हा हात वर करतो, ऑपरेटर मेन, म्हणजे स्टेजचे स्पीकरही वाढवतो आणि रात्रभर फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) वरच चढत जातात. त्रास वेळेचा आहे, तो व्हॉल्यूमने कसा जाईल?

हे काही माझ्या मनाचं नाही. जर्मनीत ग्योटिंगेनला हेल्मुट हास यांनी दोन स्पीकरवर बोलण्याचा आवाज वाजवून हेच तपासलं. 1951 मध्ये ते प्रसिद्ध झालं. दुसरा आवाज 5 ते 30 मिलिसेकंद उशिरा आला तर कान दोन्ही एकच धरतो आणि आवाज पहिल्या स्पीकरकडूनच आल्यासारखा वाटतो. दुसरा जवळजवळ 10 डेसिबलने मोठा केल्यावर कुठे दोन्ही सारखे वाटायला लागतात. आपल्या कामाचं सगळं गणित यात आहे: स्टेजचा आवाज आधी पोचला पाहिजे, मागच्या जोडीचा किंचित नंतर. मागच्या जोडीला 87 अधिक 10 ते 15, म्हणजे सुमारे 100 मिलिसेकंद डिले द्या. शब्द स्वच्छ होतात आणि बुवा समोरूनच बोलताहेत असं वाटतं.

आता ऑलपास. हा फिल्टर आवाजाची पातळी बदलत नाही, फक्त फेज (आवाजाच्या लहरीची चढ-उताराची वेळ) फिरवतो, आणि तीही वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वेगवेगळी. 100 हर्ट्झवर पहिल्या ऑर्डरचा ऑलपास लावला तर अगदी खालच्या बेसला जास्तीत जास्त 3.2 मिलिसेकंद उशीर मिळतो, म्हणजे सव्वा मीटरसुद्धा नाही. बोलण्यातली व्यंजनं जिथे कळतात त्या 2000 हर्ट्झला मिलिसेकंदाचा शंभरावा भागही मिळत नाही. यातून 87 मिलिसेकंद भरून निघणार? आणि अख्खा मंडप एका टायमिंगवर तर डिलेनेही येत नाही, कारण दोन स्पीकरपासूनच्या अंतरातला फरक प्रत्येक खुर्चीला वेगळा असतो. आपण जागा निवडतो आणि तिथलं जमवतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करायला हवी. बेस आणि टॉप (खालच्या आणि वरच्या आवाजाचे स्पीकर) जुळवताना ऑलपासचा खरोखर उपयोग होतो. क्रॉसओव्हर (जिथे बेसकडून टॉपकडे आवाज सोपवला जातो ती फ्रिक्वेन्सी) 100 हर्ट्झला असेल आणि बेस-टॉपमध्ये 5 मिलिसेकंदांचा फरक राहिला तर नेमक्या त्याच जागी दोघं एकमेकांना खातात आणि पखवाजाचा धुम् पोकळ होतो. तिथे आधी डिले लावून अंतराचा हिशोब मिटवावा आणि फ्रिक्वेन्सीगणिक फेज बदलण्याचा उतार तरीही जुळत नसेल तर ऑलपास घ्यावा. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हेच कुठेतरी ऐकलं आणि मंडपभर पसरवलं.

एफआयआरबद्दल एवढंच: लिनियर फेजचा (सगळ्या फ्रिक्वेन्सीना सारखाच उशीर देणारा) 4096 टॅपचा, म्हणजे तेवढ्या गुणकांचा फिल्टर 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर स्वतःच 42 मिलिसेकंदांहून जास्त उशीर करतो. तो मॉनिटरवर (गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरवर) टाकला तर टाळकरी आणि पखवाजवाले लय कशी धरणार?

पोरांनो, टेप घेऊन मेन ते मागची जोडी अंतर मोजा, 2.9 ने गुणा, 10 ते 15 मिळवा आणि मागच्या आउटपुटला टाका. मागची लाइन वायरलेस किंवा वेगळ्या प्रोसेसरमधून जात असेल तर त्याचा स्वतःचा उशीर त्यातून वजा करा. मग मागच्या स्टँडसमोर जाऊन बसा आणि कुणालातरी माईकवर अभंग नुसता वाचायला सांगा, गाऊ नका म्हणावं. दुहेरी ऐकू आलं तर आकडा थोडा कमी-जास्त करून पाहा. मागचा फेडर वाढवायचा तो त्यानंतर, आणि जेवढा लागेल तेवढाच.